नाकाने मीठ मोजणारा भाचा

आमटीचं मीठ जिभेऐवजी नाकाने तपासणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो माझ्या बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा आहे. पाण्यात मीठ विरघळलं की त्यातल्या तेलकट रेणूंचं काय होतं, यावर तो डॅलसजवळ पीएचडी करत होता आणि दर रविवारी फ्रिस्कोला आमच्याकडे जेवायला यायचा. आल्या आल्या पातेल्यावरचं झाकण उचलायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "मावशी, मीठ राहिलंय." मी हिशेबी माणूस, चव घेऊन पडताळून पाहायचो. बहुतेक वेळा तोच बरोबर निघायचा.

"मिठाला कुठे वास असतो रे?" मी विचारलं.

त्याने हातातली पोळी खाली ठेवली. "नसतो ना काका! पण आपल्या मराठी मंडळात कुणी टीव्ही सिरियलवाला आला की सगळी पब्लिक त्याच्याभोवती. मग तुमच्यासारखे अबोल लोक एक तर कोपऱ्यात एकमेकांना धरून बसतात, नाहीतर पार्किंगमध्ये सटकतात. मीठ म्हणजे तो सिरियलवाला, पाणी म्हणजे पब्लिक, आमटीच्या वासाचे रेणू म्हणजे तुम्ही, आणि पार्किंग म्हणजे पातेल्यावरची हवा. तिथून थेट माझ्या नाकात!"

"म्हणजे मी तेलकट?"

"एकदम प्युअर, काका!"

बायकोला हे फारच पटलं.

एवढं बोलणारा हा मुलगा परीक्षकांसमोर मात्र मुका व्हायचा. एकदा त्यांनी त्याला परत पाठवलं होतं. या खेपेला जमलं नाही तर पदवीशिवाय घरी, अकोल्याला परत. म्हणून त्याच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं मागच्या रांगेत जाऊन बसलो. आलेख दाखवून झाले. एक वृद्ध प्राध्यापक म्हणाले, "कागदावर ठीक आहे. पण माणसाला हे जाणवतं का?"

भाचा पुन्हा पहिल्याच आलेखाकडे बोट दाखवू लागला.

"अरे, बरण्या काढ ना!" बायको भर सभेत मराठीत ओरडली.

तिनेच आदल्या दिवशी लवंगा उकळून पाणी गाळलं होतं. मी काट्यावर तोलून ते दोन बरण्यांत अगदी सारखं भरलं होतं आणि एकीत भरपूर मीठ विरघळवलं होतं. प्राध्यापकांनी दोन्ही हुंगल्या, पहिली पुन्हा हुंगली आणि मिठाची बरणी उंच धरली. "हिचा वास जास्त!" बाकीच्यांनीही तीच उचलली. मग भाच्याला कंठ फुटला. सिरियलवाला, पब्लिक, पार्किंग, सगळं इंग्रजीत आलं आणि परीक्षक पोट धरून हसले. आम्हाला बाहेर थांबवून त्यांनी दार लावलं, उघडलं तेव्हा ते प्राध्यापक त्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर!" मी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवली.

पास झाला तर पुढे काय, हे गणित मात्र मी मांडलंच नव्हतं. त्याला बोस्टनला नोकरी लागली. विमानतळावर तो पाया पडायला वाकला, आणि मी आपला त्याच्या बॅगेचं वजन पुन्हा एकदा तपासत राहिलो.