जज्जसाहेबांचा गूळ

संस्थानच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश कापडी पिशवी घेऊन स्वतः पेठेत गूळ आणायला जात, हे आमच्या गावात कुणाला खरं वाटत नसे. शिपायाला का पाठवत नाही, असं मी एकदा भीतभीत विचारलं. म्हणाले, "तो गेला की दुकानदाराचा हात सैल होतो. माझ्या डोळ्यांदेखत जास्त तोलता येत नाही."

साहेब मूळचे साताऱ्याचे. सांगलीत मुन्सफ म्हणून आले आणि चढत चढत त्या खुर्चीवर पोचले. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. इंग्रजी कच्चं, म्हणून दर रविवारी निबंध घेऊन त्यांच्याकडे जाई. चहाबरोबर गुळाचा खडा चघळत ते तांबड्या पेन्सिलीने माझी वाक्यं कापत. "जे झालं तेवढंच लिहा," हे त्यांचं नेहमीचं. मला ते अहो-जाहो करत, त्याचाच मला संकोच वाटे.

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडिलांचा चुलतभावाशी दावा होता. अपील साहेबांपुढेच यायचं होतं. सांगावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही, आणि मी गप्प राहिलो. गुऱ्हाळ लागलं तसे वडील ढेप घेऊन थेट बंगल्यावर आले.

"पयली ढेप देवाला, दुसरी पोराच्या गुरूला. आमची रीत हाय."

साहेबांनी नाव-गाव विचारलं. ते त्यांनी अपिलाच्या कागदांत वाचलेलं होतं; त्यांचा चेहरा बदलला. "गूळ परत न्या. तुमचं अपील आता मी ऐकणार नाही."

"आवं, गूळ नेतो की माघारी. तुमी ऐका."

"गुळाचं नाही. तुमचा मुलगा माझ्या घरी येतो. तो कुणाचा, हे मी आधी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

अपील दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चाललं. वडील हरले, आठवड्यातली एक पाळी गेली. "ह्यो कसला गुरू रं तुझा?" एवढंच ते म्हणाले. पण 'पोरगं जज्जाच्या घरात बसतंय, निकाल ठरलाय' असं चावडीवर सांगत फिरणारे ते दाव्यातले चुलते मला वाटेत भेटले, तेव्हा खाली बघून म्हणाले, "अभ्यास चाललाय न्हवं?" हे मी घरी सांगितलं. वडिलांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढच्या साली संस्थान विलीन झालं, हायकोर्ट बंद झालं. साहेब साताऱ्याला निघाले, त्या दिवशी वडील मोटार स्टँडवर हजर. काखेत ढेप.

"आता तुमी जज्ज न्हाई."

"नाही."

"माजंबी कुठल्या कोर्टात काय न्हाई. मग घ्या."

साहेबांनी दोन्ही हातांनी ढेप घेतली.

"ल्हान हाय औंदा," वडील म्हणाले. "एक पाळी गेली न्हवं."

साहेबांनी मान हलवली. क्लीनर ढेप टपावर टाकायला पुढे आला, पण त्यांनी ती दिली नाही. मोटार वळेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर दिसत होती.