वाचनालयाची पेटी

ऐंशी सालानंतर कधीतरी रामाकोन्याच्या आमच्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळालं. आम्ही मैत्रिणी सौंसरला जाऊन पुस्तकं घेऊन आलो. आणायची कशात? आमच्याकडे पेटी म्हणजे संत्र्याचीच! खाली गवत, त्यावर पुस्तकं, वरून फळ्या ठोकल्या. उद्घाटनापर्यंत ती आमच्या अंगणात ठेवली, बाबांच्या संत्र्यांच्या पेट्यांजवळ.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी हार घालून पेटी उघडली, तर आत संत्री! पुस्तकं सकाळीच बाबांच्या मालासोबत नागपूरच्या मंडीत गेली होती. मग सरपंच म्हणाले, "आता काय पाहून राहिले? खा!" अख्ख्या गावानं वाचनालयात बसून संत्री खाल्ली. हसता हसता मला ठसका लागला. बाबा तेवढे धुसफुसत होते.

पुढच्या खेपेला ट्रकवाल्यानं पेटी परत आणली. त्यात एक कादंबरी कमी होती. मी भडकलेच, "सरकारी पुस्तक आहे ते!"

"मंडीतल्या अडत्यानं ठेवली," तो म्हणाला. "वाचून राहिले ते. दुसरा भाग असन तं धाडा म्हनते."

गावात अजून एकही सभासद झाला नव्हता, आणि आमचा पहिला वाचक नागपूरहून दुसरा भाग मागत होता.