बंद करायची नाही अशी तांबडी गाडी

स्पोर्ट्स कार म्हणजे जिच्यात बसायला आधी आडवं व्हावं लागतं ती गाडी. ही व्याख्या माझी. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, माझी शाळा सातवीला सुटली. पण ती गाडी मी चालवली आहे, आणि पुस्तक लिहिणाऱ्याने चालवली असेलच असं नाही.

ऐंशीच्या पुढची गोष्ट. मालवणहून कुडाळकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. कलमांची बाग, थोडे काजू, थोडं भात. त्या साली आंबा बरा लागला होता, आणि एक जुनी जीप घ्यायची असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं आणि ह्यांनी मान हलवली होती. आंब्याच्या पेट्या दरवर्षी दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघत पडवीत पिकून जायच्या. त्याहून मोठी अडचण सासूबाईंची. त्यांचं माहेर धामापूरला. घरापासून फार लांब नाही, पण गुडघे असे धरले होते की एसटीची पायरी चढवेना. तिथल्या भगवतीची ओटी भरायची राहिली म्हणून रोज संध्याकाळी एकदा तरी उसासा टाकायच्या, आणि तो नेमका मी चूल फुंकत असताना माझ्या कानाशी. जीपला मागे बाक असतो. दोघांनी धरून बसवलं की झालं. एवढं माझं गणित.

आणि मग आमचे हे गोव्याला एका लग्नाला गेले.

लग्नाहून परत आले ते वेगळेच माणूस. जेवताना थांबायचे, भिंतीकडे बघून हसायचे. मला वाटलं, तिथे काही भलतंसलतं प्यायले की काय. चौथ्या की पाचव्या दिवशी तोंड उघडलं. "एक गाडी बघितलंय गो. इलायती आसा. तांबडी."

"बाक आसा तिका?"

ह्यावर ते पुन्हा तिचा रंगच सांगायला लागले. तिथेच मी काय ते ओळखलं.

पुढच्या रविवारी गाडीच दारात आली. गाडीच्या आधी आवाज आला, भाताची गिरण रस्त्याने चालत यावी तसा. विकणारा गृहस्थ गोव्याकडचा, गोरागोमटा, पोट सुटलेला, आमच्याशी अगदी शुद्ध मराठी बोलणारा. ओटीवर बसला, कोकमाचं सरबत प्याला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि तेवढा वेळ गाडी अंगणात घरघरत उभी. माझे वडील कुडाळच्या स्टँडवर टॅक्सी चालवायचे. बिडी पेटवायची तरी आधी इंजिन बंद करायचे. म्हणून मी विचारलं, "भाऊ, बंद करा ना तोवर. पेट्रोल जळतंय."

"नको वहिनी," तो म्हणाला. "विलायती इंजिन आहे. ते गरम राहिलं पाहिजे. सारखं बंद-चालू त्याला सोसत नाही."

सासूबाई काठी टेकत पडवीच्या कडेला आल्या. गाडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "ह्या काय रे झिला? होडी उलटी करून ठेवलंस?"

"गाडी गो आये."

"मगे माका खंय बसवतलंस हेच्यात?"

ह्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि पाहुण्याकडे वळून म्हणाले, "आमच्या घरात्ली बघूंदेत. ती व्हय म्हणाली तर आजच विसाराचे पैसे देतंय. मुहूर्त बरो आसा."

बघा हं. एरवी मी आपणहून सांगायची; मासळी कुठली आणायची ह्यापलीकडे मला कोणी विचारलं नव्हतं. आता एवढी गाडी, आणि सगळं माझ्या एका शब्दावर. ह्यांचा हिशेब सरळ होता. पाहुण्यासमोर बायको 'नको' म्हणणार नाही. माझाही सरळ होता. एक फेरी मारायची, उतरायचं आणि 'नको' म्हणायचं. तो शब्द मी सकाळपासून तोंडात तयार ठेवला होता.

गाडीत जागा दोनच, तेव्हा पाहुणा घरी राहिला. सासूबाईंनी त्याला जेवायला बसायला सांगितलं. बांगड्याची कढी होती, तो आनंदाने राहिला. जाताना मात्र दोनदा बजावलं, "बंद तेवढी करू नका हां."

बसायचं कसं, हाच पहिला प्रश्न. दार गुडघ्याएवढं. मी आधी पाय घातला तर बाकीची मी बाहेर राहिले. मग आधी मी टेकले आणि पाय मागून आत ओढून घेतले. आत बसल्यावर जग एकदम उंच झालं. आमच्या गोठ्यातली पाडी, जिला मी रोज वरून बघते, ती माझ्याकडे वरून बघत होती. चामड्याचा वास, पेट्रोलचा वास, आणि बुडाखाली जमीन इतकी जवळ की वाटेत पडलेली काजूची बी मला बसल्या जागी उचलता आली असती.

ह्यांनी गिअर घातला. हे गाडी शिकले होते मित्राच्या जीपवर, तेही भात कापल्यावर शेतात. गिअर असा ओरडला की पाहुण्याच्या हातातला घास थांबला असणार. आणि मग आम्ही निघालो. निघालो म्हणजे उडालो. माझ्या डोक्यातला अबोलीचा वळेसर मागे कुठेतरी गेला. पदर तोंडावर आला, तो काढेपर्यंत दोन वळणं गेली. समोरून एसटी आली तेव्हा तिचं चाक माझ्या नाकासमोरून गेलं. ड्रायव्हर वाकून खाली बघत होता, विहिरीत बघतात तसं.

"कशी आसा?" हे ओरडले.

"काय?"

"कशीऽऽ आसा?"

"रस्त्याकडे बघा!"

पण खरं सांगते, पोटात गुदगुल्या होत होत्या. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, हसू आलं तर 'नको'ची किंमत जाईल म्हणून.

आता इथे ह्यांची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे रस्त्यावर वळणावळणाला देवाचं ठिकाण. कुठे गावाचा राखणदार देव, कुठे ब्राह्मण, कुठे नुसता वडाखाली शेंदूर लावलेला दगड. बहुतेक लोक जाता जाता हात जोडतात. ह्यांचं तसं नाही. सायकल असो की कोणाची जीप, थांबायचं, उतरायचं, चपला काढायच्या, हात जोडायचे. एसटीत असले तर सीटवर बसल्या जागी चपला काढून पाय वर घ्यायचे. शेजारचे उठून जायचे, पण ह्यांनी नेम मोडला नाही.

वडाखालच्या राखणदाराचं ठिकाण आलं. ह्यांनी गाडी थांबवली आणि चावी फिरवली.

इतकं शांत झालं की वडावरचे पक्षी ऐकू यायला लागले.

"बंद कित्याक केलात?" मी म्हटलं.

"देवासमोर घरघर करीत कोण उभो रवता गो?"

ते उतरले, चपला काढल्या, राखणदाराला नमस्कार केला. मन लावून केला. पुटपुटण्यात 'तांबडी' एवढा शब्द मला कळला. चपला न घालताच परत येऊन चावी फिरवली. गाडीने एकदा 'टक' केलं. पुन्हा फिरवली. आता 'टक'सुद्धा नाही.

मला हसू आवरेना. बॅटरी मेलेली गाडी, आणि विकायला आणली कुठे, तर जिथे दर वळणाला देव बसलाय तिथे! पण ह्यांचं तोंड बघून हसू गिळलं. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"सरका," मी म्हटलं. "मी बसतंय तिकडे. तुमी ढकला."

"तुका चलवक येता?"

"टॅक्सीवाल्याचा चेडू मी."

"माका कधी सांगलंस नाय तां!"

"तुमी कधी इचारलात?"

हे मागे गेले. अनवाणी, कडक इस्त्रीची पँट, दोन्ही हात गाडीच्या ढुंगणावर. मी क्लच दाबून दुसरा गिअर घालून बसले. वडिलांची टॅक्सी रोज सकाळी मी अशीच चालू करून द्यायची. गाडी हलकी होती, धावायला लागली. मी पाय सोडला. एक गचका बसला, आणि गिरण सुरू; पण पेट्रोलवरचा पाय जरा उचलला की विझायला बघायची.

"झाली!" हे मागून ओरडले. "थांब आता!"

"थांबलंय तर परत बंद पडतली!"

"मगे माका कोण घेतलो?"

वळवावं तर रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला दगडी कुंपणाचे गडगे. मागे न्यावी तर त्या विलायती बाईचा मागे जायचा गिअर कुठे असतो तो मला सापडेना. तेव्हा पुढे जाण्यावाचून इलाज नव्हता. निदान त्या वेळी माझ्या मनाला मी हेच सांगितलं.

पुढे सडा लागतो. मोकळा, सपाट, काळ्या खडकाचा, रस्ता सरळ. तिथे मी पाय दाबला. आणि काय सांगू तुम्हाला. पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले. वारा कानात शिरून डोक्यातलं सगळं घेऊन गेला, पेट्या, टेम्पो, चूल, उसासे, सगळं. मी एकटीच मोठ्याने हसत होते. वैरण घेऊन चाललेली एक बाई भारा टाकून गडग्यावर चढली. तिला मी हात केला. तिने मला हात जोडले.

धामापूरला देवळाजवळ मोकळी जागा मिळाली, तिथे मोठा वळसा घेतला. थांबता येत नव्हतं, म्हणून भगवतीला चालत्या गाडीतूनच म्हटलं, "आई, आज घाईत आसंय." आणि तिथेच माझ्या मनात पाप आलं. शेजारची जागा रिकामी होती. मी मनातल्या मनात सासूबाईंना त्यात बसवून बघितलं. बसल्या. अगदी नीट मावल्या. काठीसुद्धा पायाशी राहिली. म्हटलं, मग काय वाईट आहे? पेट्या नेऊ टेम्पोने, इतकी वर्षं नेल्याच की. मग त्यांना उठवून बघितलं, तर उठेनात. वडाखाली जागा बदलताना मीच बाहेर यायला केवढी धडपडले होते. त्यांना काढायला चार गडी लागले असते, आणि चौघांनाही त्या शिव्या घालत राहिल्या असत्या. तरी परतीच्या रस्त्यावर मी सारखी त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने उठवत होते. एकदा तर दोरी बांधून.

हे सड्याच्या अलीकडे भेटले, घामाघूम, अनवाणीच चालत येणारे. चपला राखणदाराकडेच राहिल्या होत्या. बायको पळाल्यावर चपला कोणाला आठवतात! मी गाडी अगदी हळू केली. "येवा! उडी मारा!"

"चालत्या गाडीत?"

"दार बुटक्या आसा, मारा!"

दोन पावलं धावले आणि उडी मारली. डोकं आधी आत आलं, पाय वर राहिले. तसेच उलटे असताना म्हणाले, "बरी धावता रे बाबा!" एवढं सगळं होऊन ह्या माणसाचा लोभ तसाच होता.

मग वड आला. मी त्यांच्याकडे बघितलं. वडाखाली चपला दिसत होत्या, एक सरळ, एक उलटी. थांबले तर पुन्हा ढकलणं आलं. मी थांबले नाही. त्यांनी चालत्या गाडीतूनच हात जोडले, आणि मान वळवून ठिकाण दिसेनासं होईपर्यंत मागे बघत राहिले.

"देवाक सांगतलंय मी," शेवटी म्हणाले. "समजान घेतलो तो. नाय काय?"

असं हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पावसातसुद्धा सायकल टाकून त्या दगडासमोर उभा राहणारा माणूस हा. एका तांबड्या पत्र्यासाठी देवाशी तडजोड करायला निघाला होता, आणि ती जमेल का म्हणून मला विचारत होता. मला विचारून काय उपयोग? मी तर सासूबाईंना दोरी बांधून बसले होते.

अंगणात आलो. मी ब्रेक दाबला, गाडीने आचका दिला आणि मेली. पाहुणा अजून पानावरच होता; तिसऱ्यांदा कढी घेत होता. आवाज थांबलेला ऐकून त्याचा हात ताटातच राहिला.

हे उतरले, माझ्या बाजूला आले. "सांग गो. काय म्हणतंस? घेवया?"

पडवीत सासूबाई काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होत्या. मला ठाऊक होतं, मी 'व्हय' म्हटलं असतं तर त्याच क्षणी विसार दिला असता. आणि माझ्या तोंडात 'व्हय' आलं होतं, दातांपर्यंत. तळपायात अजून ती थरथर होती. सकाळपासून तयार ठेवलेलं ते 'नको' बाहेर काढताना दाढ उपटल्यासारखं वाटलं.

"नको," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पडला. पण का ते विचारलं नाही. थोड्या वेळाने नुसतं म्हणाले, "चपलो आणूक व्हयेत," आणि तशाच अनवाणी पायांनी हात धुवायचं पाणी पाहुण्याला द्यायला गेले.

पाहुणा ओशाळला. बॅटरी नवी घालून देतो म्हणाला, किंमत कमी करतो म्हणाला. मी म्हटलं, "ते राहू दे. आता गाडी चालू कशी करणार?"

"तुम्ही सगळे जरा ढकला. मी बसतो."

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही पोटभर जेवलाय. तुम्ही ढकला. मी बसते."

आणि तो नाही म्हणायच्या आत मी आधी टेकले, मग पाय आत ओढून घेतले. आता सवय झाली होती. मागून पाहुणा, हे, आणि आवाज ऐकून जमलेली अर्धी वाडी. गाडी अंगणाच्या बेड्याबाहेर पडली, मी पाय सोडला, गचका बसला, गिरण सुरू झाली. रस्त्यावर थांबून गाडी त्याच्या हवाली करायची, असं बोलणं झालं होतं.

"वहिनीऽऽ! थांबा!" मागून पाहुणा ओरडत होता.

"थांबलंय तर बंद पडतली!" मी ओरडले, आणि तिसरा गिअर घातला. एकच फेरी, म्हटलं. सड्यापर्यंत.