अविनाशनं न घेतलेली रजा

अविनाशच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मी पालघरच्या बाजारात होतो. 'साहेबांना कॅन्टीनमध्ये चक्कर आली, बोईसरला दवाखान्यात आणलंय, तुम्ही या,' एवढंच सांगितलं. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय एकोणपन्नास. आज दीड महिना झाला. मला अजून धड रडू आलेलं नाही. चीड मात्र रोज येते. कारखान्याची येते, स्वतःची येते, आणि खरं सांगायचं तर अविनाशचीही येते.

अविनाश माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, नवरा. मूळचा कराडकडचा. बोईसरजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात लागला आणि पुढे तिथेच सुरक्षा अधिकारी झाला. तेव्हा तो गडगडाटी हसायचा. मासवणला आमच्या शेतावर आला की विहिरीत उडी मारल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. मग त्याच्या हाताखालची दोन माणसं नोकरी सोडून गेली, त्यांची कामं याच्या गळ्यात पडली आणि बदली माणूस काही आला नाही. अशातच एका दुपारी एका कामगाराला गरगरायला लागलं म्हणून यानं चालू काम थांबवून त्याला घरी पाठवलं. शाबासकी राहिली बाजूला, उत्पादन का थांबवलं याचा लेखी खुलासा मागितला गेला. तो त्यानं चार वेळा लिहिला आणि चारही वेळा तो परत आला.

तिथून त्याचं बिनसलं. घरचा गॅस बंद आहे का, हे तो तीन-तीनदा उठून पाहायचा. एका रविवारी माझ्याकडे जेवायला आला आणि भरल्या ताटावरून उठला.

'दादा, एक व्हॉल्व्ह बंद केल्याचं आठवत नाही.'

'मग फोन करून विचार ना.'

'विचारलं. बंद आहे म्हणतात... पण त्यांनी नीट पाहिलं नसेल तर?'

गेला भर उन्हात, मोटारसायकलवरून बोईसरला. व्हॉल्व्ह बंदच होता. संध्याकाळी आम्ही सगळे त्याला हसलो. मीही हसलो.

शेवटी मीच त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी महिनाभर रजा घ्यायला सांगितली. बाहेर आल्यावर यानं चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. 'अर्जात कारण लिहावं लागतं, दादा. हे कारण वाचून सुरक्षेचं काम माझ्याकडे ठेवतील का?' मी वैतागून म्हटलं, 'मग कावीळ झाली म्हणून लिही.' तर म्हणाला, 'खोटं लिहिणाऱ्यांना मीच पकडतो.' आता अशा माणसापुढे डोकं आपटावं, दुसरं काय करावं?

त्यात कारखान्यानं ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं. सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची, आणि सगळी व्यवस्था अविनाशकडे. वक्ते डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते, तेव्हा हा दाराशी उभा राहून कोण कोण आलं नाही याची यादी करत होता. मला हे सांगताना तो हसला, पण ते हसणं... तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी साहेब मंडळी भेटायला आली. फार समर्पित माणूस होता, म्हणाली. सुनंदा आत गेल्यावर त्यांतल्या एकानं हळूच विचारलं, त्यांच्या लॅपटॉपचा पासवर्ड घरात कुणाला माहीत आहे का. मी त्यांना चहा विचारला नाही. एवढाच माझा पराक्रम.

परवा मी सुनंदाकडे होतो, तर त्यांच्या आळीत रोज भाजी घेऊन येणाऱ्या मावशी दारात टेकल्या. म्हणाल्या, 'सायेब रोज सांजचे हितं पायरीवर बसायचे. धा-पंधरा मिन्टं. मंग घरात जायचे.'

'फोन चालू असायचा त्यांचा,' सुनंदा म्हणाली.

'नाय गो. फोन पिशवीत असायचा. नुसते बसायचे. मी इचारलं एकदा, बरं नाय का? तर म्हनाले, मावशी, जरा बरा होतो नि आत जातो.'

सुनंदा आता त्या पायरीवर कुणाला चपला काढू देत नाही. मी गेलो की संध्याकाळी थोडा वेळ तिथे बसतो. आतला टीव्ही ऐकू येतो, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. दार तिथून दोन पावलांवर आहे. त्या वेळी ते उघडंच असतं.