अक्काचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते

फोन दुकानात आला. दुपारचं जेवण आटोपून मी आमच्या औषधाच्या दुकानात नुकतीच गल्ल्यावर बसले होते आणि आमचे हे मागच्या बाजूला नवा आलेला माल लावत होते. पलीकडून आण्णांचा आवाज आला, "वैनी, अक्का गेली..." मी वेड्यासारखी म्हणाले, "अहो, मी आत्ता सकाळी भेटून आलेय की तिला!" जणू मी भेटून आले म्हटल्यावर मरणानं आल्या पावली परत जायला हवं होतं. समोर एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत उभं होतं. मी ते काढून दिलं, सुटे पैसेही बरोबर दिले, आणि मग खाली बसले ती ह्यांनी दुकानाचं शटर ओढून मला घरी नेईपर्यंत उठले नाही. या गोष्टीला आता दोन महिने होतील. माणूस गेल्यावर रडू येतं, तसं मलाही येतं. पण त्याच्या जोडीला मला तिचा रागही येतो, आणि तो कुणाला सांगावा ते कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सुमतीअक्का माझी शेजारीण. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिशी ओलांडलेली, घरात मुरलेली बाई होती. माहेर जयसिंगपूरचं, घरात निम्मं बोलणं कानडी, त्यामुळं ती सगळ्या गल्लीची अक्का आणि तिचे यजमान सगळ्यांचे आण्णा. आण्णांचं भांड्यांचं दुकान. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. ते जैन, आम्ही लिंगायत, दोन्ही घरं शाकाहारी, पण आमच्याकडं कांदा-लसूण चालायचा. मी तिच्या दारात गेले की ती पदर नाकाला लावून म्हणायची, "आली बघा कांद्याची गाडी!" आणि मग आत बसायला पाट द्यायची.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. तिच्याकडं पाव्हणे येणार होते, म्हणून मी नव्या नवरीच्या हौसेनं तिची पालकाची जुडी मागून घेतली आणि छान निसून, बारीक काड्या काढून परत दिली. तिनं परात मांडीवर घेतली, खिडकीत बसली आणि माझ्यादेखत एकेक पान उजेडाला धरून, उलटंपालटं करून पुन्हा निसायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तिनं एका पानाच्या मागं चिकटलेली, नखाएवढीसुद्धा नसलेली हिरवी अळी मला दाखवली. ती पानासकट उचलून बाहेर नेली आणि भिंतीकडेच्या झेंडूच्या कुंडीत सोडली. "तुझं डोळं तरणं हायत गिरजे," परत येऊन म्हणाली, "पर बघत न्हाईत." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. नंतर कळलं की ती कुणाचंच निसलेलं खात नाही. सासूचंही नाही, माहेरचंही नाही. डाळ, तांदूळ, भाजी, सगळं तिच्याच डोळ्यांखालून जायला हवं. पाणी गाळायचं, दिवस असतानाच जेवायचं, कारण अंधारात ताटात काय पडलं ते दिसत नाही. मी तिला चिडवायची, "अक्का, सरकारनं किडे शोधायचं खातं काढलं तर साहेब तूच." ती हसायची, पण हात थांबायचे नाहीत.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी तिचे हात सकाळी सुजायला लागले. बोटं वळेनात, मूठ मिटेना. कुणी वात म्हणालं, कुणी तेल दिलं, कुणी काढे. दोन वर्षं अशीच गेली. मग गालांवर, नाकावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लाली चढली आणि उन्हात गेलं की अंग भाजल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, ल्युपस. आण्णांना काही कळेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, घराची राखण करायला ठेवलेलं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं, तसा हा आजार. शरीराचं संरक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. ऊन टाळायचं. मलेरियावर देतात ती गोळी रोज घ्यायची, कायमची, ती सांधे आणि मूत्रपिंडं सांभाळेल. आणि वर्षातून एकदा डोळे तपासायचे, कारण फार वर्षं घेतल्यावर क्वचित कुणाच्या डोळ्याच्या पडद्याला ती बाधते.

एवढ्या सगळ्यातलं तिनं ऐकलं ते एकच. परत येताना रिक्षात माझा हात घट्ट धरून म्हणाली, "गिरजे, डोळं गेलं तर मी जेवू कशी?" मी म्हटलं, "अगं, आण्णा भरवतील, मी भरवीन." ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मला काहीच कळलेलं नाही. "जे दिसत न्हाय ते निसू कशी? आन् न निसलेलं खाऊ कशी? माझ्या तोंडात जीव गेला तर?" मग माझ्या लक्षात आलं. आपल्याला डोळे जग बघायला लागतात. तिला ते कुणाला न मारता जगायला लागत होते.

त्यानंतरची कित्येक वर्षं तशी बरी गेली. ती रोज गोळी घ्यायची आणि रोज भ्यायची. ऊन वर्ज्य, पण निसायला उजेड तर हवा, म्हणून पूर्वेच्या खिडकीत डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढून, तेवढीच परात उजेडात ठेवून बसायची. डोळ्यांसाठी काय खाऊ, हा तिचा कायमचा प्रश्न. गल्लीतला प्रत्येकजण सांगायचा, गाजर खा. गाजर जमिनीखालचं, ते चालत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मग पालेभाज्या भरपूर खा. पालेभाजी चातुर्मासात चार महिने बंद. अंड्याचं तर नाव काढायची सोय नव्हती. एकदा ते डॉक्टर वैतागून म्हणाले, "बाई, तुमच्या देवालाच विचारा काय खायचं ते!" ती शांतपणे म्हणाली, "त्येनंच सांगितलंय की काय खायचं न्हाय ते."

आणि मग, दोन हजार साल उलटून गेल्यावर, आमच्या दुकानात ल्युटीन आलं. कंपनीचा माणूस ह्यांना माहिती देत होता की हे झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात, पोटात गेलं की डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जो पिवळा ठिपका असतो तिथं जाऊन बसतं. मी पुढचं ऐकलंच नाही. बाटली उचलली आणि तिच्याकडं पळाले. तिनं मधाच्या रंगाची ती मऊ कॅप्सूल तळहातावर घेतली, उजेडाला धरली, पानासारखी उलटीपालटी केली. "आत झेंडू हाय. वरचं कशाचं?" मला काय ठाऊक? मी परत दुकानात आले. ह्यांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि डोक्याला हात लावला. जिलेटिन. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. मी जड पायानं जाऊन सांगितलं. तिनं आदळआपट केली नाही. कॅप्सूल अलगद बाटलीत परत ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "झेंडूला बी कसल्या संगतीला लावलाय बघ."

साध्या गोळीच्या रूपातलं ल्युटीन मिळायला पुढं बरेच महिने लागले. ह्यांनी कंपनीत फोन करून, दोनदा खात्री करून ते मागवलं. पहिली गोळी घेतली त्या दिवशी ती लहान पोरीसारखी खुशीत होती. कुंडीतल्या झेंडूला हात लावून म्हणाली, "इतकी वर्सं देवाला वाह्यला, आता त्यो माझ्या डोळ्यात येऊन बसनार हाय." खिडकीच्या कट्ट्यावर तिनं त्या बाटलीला जागा करून दिली. परात, सूप, बाटली.

कुणीतरी तिला सांगितलं होतं की असल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती वाढते. तिनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं. मी शेजारीच बसले होते. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती नको तिथं जास्त झालीय, हाच तर आजार. डोळ्यांसाठी हे घ्यायचं तर घ्या, माझी हरकत नाही. पण यानं हा आजार आवरत नाही. तुमचे डोळे तपासलेत, ते ठीक आहेत. आधीची गोळी एक दिवसही सोडायची नाही." तिनं मान डोलावली. ती मान डोलावणं मला अजून दिसतं.

नंतर एकदा ती म्हणाली की मलेरियाची गोळी ती आता आमच्याकडून नेणार नाही, जयसिंगपूरला भावाच्या ओळखीचं दुकान आहे, तो सवलतीत देतो. मला थोडं लागलं. पण माहेरचं माणूस म्हटल्यावर काय बोलणार? ल्युटीन मात्र ती आमच्याकडूनच न्यायची, संपायच्या आधीच यायची. हात पुन्हा दुखायला लागले तेव्हा म्हणाली थंडी आहे. थकायला लागली तेव्हा म्हणाली वय झालं. मग एक दिवस तिच्या पायातली जोडवी बोटांत रुतलेली मी पाहिली. चेहरा सुजलेला, दम लागलेला. आण्णांना दुकानातून बोलावून घेतलं आणि तशीच तिला हॉस्पिटलात नेली.

डॉक्टरांनी कागद बघितले आणि विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" मी फणकाऱ्यानं म्हणाले, "बंद कशाला असेल? जयसिंगपूरहून येते तिची." अक्का भिंतीकडं बघत होती. "न्हाय गिरजे," ती म्हणाली, "येत न्हाय. दीडेक वरीस झालं." डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. मग तीच म्हणाली, "एक गोळी डोळं घेती, एक डोळं देती. मी देनारी ठेवली."

मी ओरडले. हॉस्पिटल आहे, ती आजारी आहे, आण्णा थर्मास घेऊन दारात उभे आहेत, कशाचंही भान मला राहिलं नाही. डोळे तपासून तुला सांगितलं होतं की काही झालेलं नाही! मुंगी वाचवायला वाट सोडून चालणारी बाई तू, माझ्याशी एवढं खोटं बोललीस? आणि मारलंस ते कुणाला? ती ऐकून घेत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "भ्या वाटत हुतं ग..." एवढंच.

गोळी पुन्हा सुरू झाली, मोठी औषधं सुरू झाली, पण मूत्रपिंडं ऐकायच्या पलीकडं गेली होती. मधे एका दिवशी डोळ्यांचे डॉक्टर वॉर्डात आले. त्यांनी थेंब घालून, बॅटरी मारून दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाले, "डोळे अगदी छान आहेत, आजी. पडद्याला काहीही झालेलं नाही." अक्काच्या सुजलेल्या तोंडावर पहिला नंबर आल्यासारखं हसू आलं. तिनं माझ्याकडं विजयानं बघितलं. मी बाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. डोळे चांगले होते. बाकीचं सगळं चाललं होतं.

हॉस्पिटलातलं ती काही खायची नाही. आण्णांना मोतीबिंदू, त्यांना निसता येईना. म्हणून डबा मी करायची. दोन वेळचा, संध्याकाळचा डबा दिवस मावळायच्या आत पोचवायचा. कांदा-लसूण लागलेली भांडी वेगळी ठेवली होती. तिनं कधी विचारलं नाही की कुणी निसलंय, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. त्या शेवटच्या सकाळी मी मुगाच्या डाळीचा मऊ भात नेला होता. पहिला चमचा तोंडाशी नेला तर तिनं माझं मनगट धरलं आणि खिडकीच्या उजेडाकडं वळवलं.

"ह्यात काळं काय हाय?"

"जिरं हाय, अक्का."

"नीट बघ."

मी चमचा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "जिरंच हाय."

"मग दे," ती म्हणाली आणि तोंड उघडलं. तीन-चार चमचे खाल्ले. पाणी प्यायली. मग डोळे मिटून म्हणाली, "जा आता, दुकानात खोळंबा झाला आसंल." मी गेले...

तिच्या भोळेपणाचा, हट्टाचा, त्या खोट्याचा मला राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. झेंडूवर राग धरता येत नाही, गोळीवर धरता येत नाही. ती गोळी तर आम्हीच विकतो. अजूनही कुणी डोळ्यांसाठी ल्युटीन मागितलं की मी देते, पण आधी विचारते, दुसरं काही चालू आहे का, आणि ते बंद तर केलं नाही ना. लोकांना वाटतं बाई फार चौकस आहे.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं आण्णा दारात आले. हातात तिची परात, परातीत तूरडाळ, वर सूप पालथं घातलेलं. "वैनी, तेवढी निसून देता का? मला दिसत न्हाय." मी म्हटलं, "देते की आण्णा, पण मी निसलेलं चालेल का तुम्हाला?" ते उंबऱ्याशीच थबकले. "अक्कानं हॉस्पिटलात सांगून ठिवलंय," म्हणाले, "गिरजानं निसलेलं खावा, तिचं डोळं आता बघत्यात."

मी परात घेऊन त्यांच्या घरी गेले, तिच्या खिडकीत बसले. कट्ट्यावर ल्युटीनची अर्धी बाटली अजून तशीच आहे, ती मी हलवली नाही. डाळ एकदा निसली. मग सूप उजेडाकडं वळवलं आणि पुन्हा पहिल्यापासून निसली.