मान दाबायची की सगळी पुंगळी

जर्मनची लढाई सुरू झाली आणि हैदराबादहून काडतुसं येणं बंद झालं. आमचं गाव गंगाखेडच्या खाली, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला. त्या हिवाळ्यात काठावरच्या कपाशीच्या पळाटीत बिबट्या येऊन राहिला. शेळ्या नेल्या, कुत्री नेली, तोवर लोकांनी सोसलं. मग भरदिवसा त्यानं कापूस वेचणाऱ्या शेजारणीचा खांदा फाडला. बायका शेतात जाईनात. परवान्याची रायफल गावात एकच, आमच्या घरची. सगळे माझ्या मालकांकडं बघायला लागले.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, निजामाच्या फौजेतून पेन्शनीत आलेले. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ते जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तसं ते काम माझ्याकडं आलं. बार झाला की पुंगळी फुगते. भरण्याआधी ती साच्यात दाबून मापात आणावी लागते. सगळी दाबली तर काडतूस रायफलीत सरळ उतरतं, पण दर खेपेच्या फुगण्या-दाबण्यानं बुडाजवळचं पितळ विरत जातं. गोळी धरणारी मान तेवढी दाबली तर पितळ टिकतं, पण पुंगळी अंगानं घट्ट राहते. कधी रायफलीत बसतच नाही.

मालक त्या संध्याकाळी बिबट्यासाठी झाडावर बांधलेल्या माळ्यावर बसणार होते. धड पुंगळ्या तीनच उरल्या होत्या. बाकीच्या मानेत तडकल्या होत्या.

"तिन्ही पुऱ्या दाब," मामाजी म्हणाले. "ऐन वक्ताला काडतूस अडकलं तर पोरानं काय करावं?"

मी टोक वाकवलेली तार पुंगळ्यांच्या आतून फिरवली. दोन पुंगळ्यांत ती गुळगुळीत फिरली. तिसरीत बुडाजवळ अडखळली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच.

"मामाजी, ही फाटंल. आतून चर पडलाय."

त्यांनी स्वतः तार फिरवून बघितली. त्यांची बोटं वयानं बधिरलेली, त्यामुळं चर किती, हे त्यांना कळलं का, कुणास ठाऊक. "हाय थोडा. एक बार काढंल."

"आन न्हाई काढला तर? बार मागं फिरला तर त्येंचं तोंड तिथंच हाय."

मग दोन्ही चांगल्यांची नुसती मान दाबून त्या रिकाम्याच रायफलीत घालून बघितल्या. सहज बसल्या. तिसरीवर रायफलीचा बोल्ट मिटेना. ती पुरी दाबल्याशिवाय चालणार नव्हती, आणि ती दाबायला माझा हात होईना.

मालक उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. "दोनच भर," ते म्हणाले. "पण तिसरी फाटंल, याची तुला खातरी हाय न्हवं?"

मला खात्री नव्हती. मी हो म्हणाले.

ऊन कलल्यावर ते गेले. मी भाकरी थापायला बसले, तर एकही धड थापता येईना. ओसरीतून मामाजींचं चालूच होतं, "तिसरं द्याया पायजे होतं, तिसरं द्याया पायजे होतं." दिवस मावळता मावळता बार ऐकू आला. पाठोपाठ दुसरा. मग काहीच नाही. मी परातीतला हात तसाच धरून बसले. आता त्यांच्याजवळ एकही काडतूस उरलं नव्हतं, हे गावात फक्त मला आणि मामाजींना माहीत होतं.

माणसं टेंभे आणि हलगी घेऊन पळाटीकडं धावली. मामाजींनी माझा हात धरला आणि आम्ही वेशीपर्यंत गेलो. हलगी एकदम थांबली तेव्हा त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली.

मालक चालतच आले. चेहरा मातीसारखा झालेला.

"पहिली हुकली," ते म्हणाले. "दुसरी लागली, पर त्यो लगीच मेला न्हाई. माळ्याखालीच गुरगुरायला होता. वर चढायला बघायचा, खाली पडायचा. हातात रिकामी रायफल. लय भ्यालो. टेंभे आले तवा कुठं त्यो गार पडला."

"बोल्ट अडकला का?" मामाजींनी विचारलं.

"न्हाई. दोन्ही सरळ गेली."

घरी आल्यावर मालकांना तांब्या धरवेना, तेव्हा मीच त्यांच्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी गावानं गुलाल उधळला, त्यांना खांद्यावर घेतलं. ते हसले, पण त्या हिवाळ्यात माळ्यावर पुन्हा चढले नाहीत.

तिसरं काडतूस दिलं असतं तर त्यांना त्या झाडावर तसं बसावं लागलं नसतं, किंवा त्यांचे डोळे गेले असते. यातलं काय झालं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

निजामीच्या अखेरच्या साली परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करायचा हुकूम आला. दिवस वाईट होते, रात्री गावं जागत होती. मामाजी रायफल पुसून देताना रडले. मी दारात उभी होते. गावाचं आता कसं व्हायचं, ही धास्ती मलाही होतीच. तरी पुन्हा पुंगळ्या दाबायला बसावं लागणार नाही, एवढ्यानंच मला हलकं वाटलं.