मोबाइलात गेलेले कवंडळ

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढे तीस वर्षे सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवला. पण चवथीला गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात, तिची रानफळे माझ्याइतकी आमच्या मये गावात कोणाला कळत नाहीत, असे मी सांगत असे. लोकही ऐकून घेत.

त्या वर्षी शाळेने सातवीतल्या नातीला काम दिले. घरच्या म्हाताऱ्या माणसाबरोबर रानात जायचे, माटोळीच्या फळांचे मोबाइलवर फोटो काढायचे, त्याच्याच आवाजात नावे भरायची आणि वर्गाच्या ग्रुपवर पाठवायची.

गुडघे दुखत होते. तरी गेलो. अर्धा डोंगर खाणीने नेलेला, ओळखीची झाडे जागेवर नाहीत. चढताना तीनदा बसलो. शेवटी एका उंच झाडावरच्या वेलीला लाल काहीतरी दिसले. मी मोबाइलात बोललो, "हे कवंडळ. माटोळीला बांधायचे, तोंडात घालायचे नाही. विष."

नात फोटो मोठा करून बघत राहिली. "आजो, मोबाइल तेंडली म्हणतो."

"मग यंदा त्यालाच सांग माटोळी बांधायला!"

"पण कवंडळ एवढे लहान असते?"

"पाठव म्हटले ना, गो! मी पन्नास माटोळ्या बांधल्या. त्याने किती?"

घरी आल्यावर जनेलाच्या गजांशी उभी राहून तिने पाठवले. रेंज तिथेच येते.

संध्याकाळी बायकोने फोटो बघितला. "अहो, हे रानतेंडले! हिरवे असताना भाजी करते ती खाता ना? मोतीबिंदू काढून घ्या म्हणून किती सांगायचे?"

ग्रुपवर पोरांनी हसणारी तोंडे पाठवली होती. नातीने ती मला दाखवली नाहीत, मीच बघितली. तेवढी मोठी होती, मला दिसली.

राग आला, पण कोणावर काढणार? मोबाइल तर बरोबर होता. थकलो आहे म्हणून सांगितले आणि जेवणावरून उठलो. ते खोटेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-पाव तसाच ठेवून नातीला जनेलाकडे बोलावले. "लाव तो मोबाइल."

तिने समोर धरला. मी बोललो, "काल सांगितले ते कवंडळ नव्हे, तेंडले. नातीने मला सांगितले होते, मी ऐकले नाही. मला आता लांबचे दिसत नाही. तिला कोणी हसायचे नाही."

"पाठवू, आजो?"

"आधी मला ऐकव."

ऐकले. मग म्हटले, पाठव.